खाट लागत नाही म्हणून पैसे मिळत नाहीत: गोव्यात हार्मोन थेरपीचा खर्च कसा भागवायचा

आरोग्य विमा कशाचे पैसे देतो? खाटेचे. माणूस ॲडमिट झाला, चोवीस तास वॉर्डात राहिला, डिस्चार्ज कार्ड हातात आलं की विम्याची फाईल हलते. आम्हा ट्रान्स माणसांच्या हार्मोन थेरपीला, म्हणजे शरीर आपल्या लिंगओळखीशी जुळवणाऱ्या औषधांना, खाट लागत नाही. ट्रान्स पुरुषाला (जन्मनोंदीत मुलगी, ओळख पुरुषाची) दर दोन-तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, ट्रान्स स्त्रीला (त्याच्या उलट) रोजच्या गोळ्या किंवा जेल, आणि दोघांनाही ठरावीक महिन्यांनी रक्ततपासणी. हे सगळं ओपीडीत होतं आणि बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभर चालतं. एकेक बिल छोटं असतं, पण ते थांबत नाही.

मी डिचोलीचा. वेर्ण्याला नोकरी करणारा ट्रान्स पुरुष. माझा पहिला क्लेम दोन ओळींच्या ईमेलने परत आला तेव्हा मला वाटलं, माझ्यासारख्याला विमा नसतोच. तसं नव्हतं. मी चुकीच्या दारावर उभा होतो. कुठलं दार कशासाठी, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझं दीड वर्ष वाचलं असतं. ते आता इथे लिहितो आहे, ज्या क्रमाने करावं त्याच क्रमाने.

आधी टीजी कार्ड

टीजी कार्ड म्हणजे सरकारचं ट्रान्सजेंडर ओळखपत्र. औषध सुरू करायला हे कार्ड लागत नाही. डॉक्टरने ते मागितलं तर नम्रपणे सांगा की उपचार आणि ओळखपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या सरकारी विम्याचं दार या कार्डाशिवाय उघडत नाही, आणि ते मिळायला वेळ लागतो. म्हणून अर्ज आधी टाका, बाकीची कामं त्याच्या सोबतीने चालू द्या.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही असं सांगितलं. त्यानंतर २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी त्याचे नियमही निघाले. अर्ज राष्ट्रीय ट्रान्सजेंडर पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. उत्तर गोव्याचं कलेक्टर ऑफिस पणजीला, दक्षिणेचं मडगावला. २०२० च्या नियमांत फोटो, पत्त्याचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र एवढंच मागितलं होतं, वैद्यकीय तपासणीची अट नव्हती, आणि प्रमाणपत्रासाठी ३० दिवसांची मुदत होती. कायदा आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी पोर्टलवर कागदांची जी यादी दिसेल तीच धरा. ऑफिसात कुणी वेगळं काही मागितलं तर कुठल्या नियमाखाली मागता ते लेखी द्यायला सांगा. अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. अर्ज फेटाळला गेला तर अपिलाची तरतूद आहे, त्याची मुदत हातची जाऊ देऊ नका.

खरी अडचण पत्त्याची असते. आपल्यातले किती तरी जण घर सोडून भाड्याच्या खोलीत राहतात आणि मालक करारनामा करून द्यायला तयार नसतो. आधारवरचा पत्ता आईवडिलांच्या घराचा असेल आणि तिथे टपाल गेलेलं चालणार नसेल, तर आधी आधारचा पत्ता बदला आणि मग अर्ज करा. उलट केलंत तर सगळं दोनदा करावं लागतं.

नावाचा घोळ विमा कंपनीच्या आधी सोडवा

पॉलिसीवर जुनं नाव, डॉक्टरच्या चिठ्ठीवर नवं, आणि फार्मसीच्या बिलावर तिसरंच काहीतरी. क्लेम अडकायला एवढं पुरतं. २०१९ च्या कायद्यानुसार ओळख प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीला जन्मदाखल्यावरचं आणि इतर सरकारी कागदांवरचं पहिलं नाव बदलण्याचा हक्क आहे. गोव्यात जन्म नोंदवलेल्यांसाठी मात्र आणखी एक वळण आहे. इथे नाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र राज्य कायदा आहे आणि तो सिव्हिल रजिस्ट्रारच्या ऑफिसातून चालतो. शेजारच्या राज्यातला मित्र सांगेल की नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करून गॅझेटला दे, झालं. गोव्याच्या जन्मनोंदीला तेवढं पुरत नाही. आपल्या तालुक्याच्या रजिस्ट्रारकडे टीजी प्रमाणपत्र घेऊन जा आणि तिथूनच सुरुवात करा.

हे होईपर्यंत डॉक्टरला विनंती करा की चिठ्ठीवर पॉलिसीतलं नाव आणि ‘उर्फ’ लावून तुमचं नाव, दोन्ही लिहावीत. जुनं नाव लिहून घेताना किती त्रास होतो हे मला माहीत आहे. मी ते काही महिनेच सोसलं आणि त्या महिन्यांची बिलं कामाला आली.

डॉक्टर आणि फाईल

गोव्यात स्वस्त आणि धडाची सोय म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. तिथे एंडोक्रायनॉलॉजी, म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींचा विभाग आहे. हार्मोनची चिठ्ठी तिथूनच घ्यावी. बांबोळीलाच मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र लागलं तर तिथे जाता येतं. गोव्याबाहेरच्या रुग्णांना मेडिकल कॉलेजात २०१८ पासून शुल्क भरावं लागतं, म्हणून गोव्यातल्या रहिवासाचा पुरावा नेहमी खिशात असू द्या.

पहिल्या भेटीत डॉक्टरला काय सांगायचं याची धास्ती सगळ्यांनाच असते. साधं सांगा: “मी ट्रान्स पुरुष आहे, मला टेस्टोस्टेरॉन सुरू करायचं आहे, त्याआधीच्या तपासण्या लिहून द्या.” डॉक्टर नवखा असेल तर डब्ल्यूपॅथ या ट्रान्स आरोग्यावरच्या जागतिक तज्ज्ञ संघटनेच्या उपचार-मार्गदर्शिकेचा, २०२२ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीचा, उल्लेख करा. २०१९ च्या कायद्याच्या कलम १५ मध्येही डब्ल्यूपॅथचं नाव घेतलेलं आहे, त्यामुळे हा परदेशी आग्रह ठरत नाही. समुपदेशनाच्या नावाखाली कुणी तुमची ओळखच ‘बरी’ करायला निघाला, तर तिथून उठा. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असल्या ‘रूपांतर उपचारांना’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

डॉक्टरकडून एक पत्र मागून घ्या. त्यात निदान, औषधाचं जेनेरिक नाव, डोस, किती काळ घ्यायचं आणि हा उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचं स्पष्ट वाक्य असावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, लिंगविसंगती (जन्मनोंदीतलं लिंग आणि स्वतःची ओळख न जुळणं) मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. हे पत्रात आलं तर उत्तमच. “हौसेचा उपचार” म्हणणाऱ्याला तेच उत्तर.

एक गोष्ट मात्र करू नका. क्लेम पास व्हावा म्हणून “हार्मोनचं असंतुलन” किंवा दुसरं एखादं खोटं निदान लिहून घ्यायचा सल्ला आपलेच लोक प्रेमाने देतात. दोन वर्षांनी खरोखर मोठं आजारपण आलं की कंपनी जुने कागद उकरते, आणि माहिती लपवली म्हणून अख्खी पॉलिसी धोक्यात येते.

फाईल जाड पुठ्ठ्याची ठेवा आणि तिचे फोटो मोबाईलमध्येही ठेवा. परदेशी मदतीवर चालणारी हैदराबाद, पुणे आणि कल्याणची ट्रान्स क्लिनिकं अमेरिकेने निधी थांबवल्यावर जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली. ज्यांचे कागद स्वतःजवळ होते त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं तरी सोपं होतं.

खासगी पॉलिसी: आधी एक ओळ शोधा

तुमची पॉलिसी उघडा आणि शेवटच्या पानांवर, वगळलेल्या गोष्टींच्या यादीत जा. तिथे ‘चेंज ऑफ जेंडर ट्रीटमेंट्स’ असं लिहिलेलं असेल आणि शेजारी कोड असेल, एक्स्क्ल ०७. विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळण्याच्या कलमांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली, त्यातलं हे सातवं. शरीराची वैशिष्ट्यं विरुद्ध लिंगाची करण्यासाठीचा कुठलाही उपचार, शस्त्रक्रियेसह, वगळला आहे असा त्याचा अर्थ. शेजारीच ०८ आहे, सौंदर्यासाठीच्या किंवा प्लास्टिक शस्त्रक्रियांचं.

माझा क्लेम याच कोडवर गेला. नियामकाने ही भाषा ठरवली त्याच वर्षी, २०१९ मध्ये, संसदेने कायदा केला की शस्त्रक्रिया, हार्मोन आणि लेझर उपचारांचा खर्च सर्वसमावेशक विमा योजनेतून भागवण्याची तरतूद सरकारने करावी. कलम १५ मध्ये ते शब्द आहेत. संसद एक सांगते, पॉलिसीचं शेवटचं पान दुसरंच सांगतं, आणि या दोन कागदांच्या मधल्या फटीत आपण उभे आहोत. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. तक्रार लिहिताना कलम १५ चा उल्लेख जरूर करा. पण वैयक्तिक पॉलिसीतून हार्मोनचे पैसे मिळतील या आशेवर महिन्याचं गणित बसवू नका.

मग पॉलिसी घ्यायची कशाला? डेंग्यूसाठी, अपघातासाठी, अपेंडिक्ससाठी. ०७ हा कोड फक्त लिंगबदलाच्या उपचाराला लागू होतो. तुम्ही हार्मोन घेता म्हणून मोडलेल्या पायाचा क्लेम नाकारता येत नाही, आणि कुणी तसा नाकारला तर ते ठाम लढण्यासारखं प्रकरण आहे. नैराश्य किंवा चिंताविकारासाठी ॲडमिट व्हावं लागलं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ आठवा: मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागतो. ट्रान्स पुरुषाला गर्भाशयात गाठी असतील किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर ती शस्त्रक्रिया त्या आजारासाठी आहे हे डॉक्टरने कारणासकट लिहावं. पॉलिसीवर लिंग ‘पुरुष’ झाल्यावर अशा क्लेमवर हमखास प्रश्न येऊ शकतो, म्हणून ॲडमिट होण्याआधीच टीपीएशी, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेशी, बोलून घ्या.

पॉलिसी घेताना भरायच्या प्रस्ताव अर्जात हार्मोन चालू असल्याचं लिहा. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायचा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि सलग ६० महिने हप्ते भरल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला माहिती लपवल्याचं कारण देता येत नाही. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवस वाचायला मिळतात. पटली नाही तर त्या मुदतीत परत करता येते. काही पॉलिसींना ओपीडीची जोड घेता येते. ती घेण्याआधी हार्मोन आणि त्यांच्या तपासण्या त्यात बसतात का, हे एजंटच्या तोंडी शब्दावर न सोडता कंपनीला ईमेलने विचारा.

नोकरीतला विमा: इथे बदल घडू शकतो

गट विमा हा कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातला करार असतो, आणि करारात कलमं घालता-काढता येतात. मालकाने मागितलं तर ०७ ची अट शिथिल होऊ शकते. भारतात काही मोठ्या कंपन्यांनी असं करून घेतलंही आहे. योग्य वेळ म्हणजे नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी. एचआरला लिहा: “आपल्या गट विम्याच्या नूतनीकरणात लिंगपुष्टी उपचारांचं वगळणं काढून टाकण्याचा आणि ओपीडीतील हार्मोन औषधं व तपासण्यांसाठी वार्षिक मर्यादेसह तरतूद करण्याचा दर विमा कंपनीकडून मागवावा.” दर मागवायला काहीच खर्च नाही, म्हणून या वाक्याला नकार देणं कठीण जातं. २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं आहे आणि नियमांनी समान संधी धोरण. या दोन्हींची चौकशी त्याच पत्रात करा. ऑफिसात स्वतःची ओळख उघड करायची नसेल तर पत्रात स्वतःविषयी एक शब्दही लिहू नका. ही मागणी कुणीही कर्मचारी करू शकतो. माझ्या वेळी ती एका सहकारी बाईंनी केली.

आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. वेर्णा, कुंडई, होंडा, तुयें, जिथे जिथे कारखाने आहेत तिथे पगारातून ईएसआय कापला जाणारी आपली माणसं आहेत, आणि हे दार आपण विसरतो. ईएसआयला खाट लागत नाही. दवाखान्यात तपासणी, औषधं, ओपीडी, सगळं त्यात येतं. तज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन आपल्या ईएसआय दवाखान्यात जा आणि मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलकडे रेफर करायला सांगा. नकार मिळाला तर तो तोंडी घेऊ नका. निदान रक्ततपासण्या तरी तिथे करून घ्या. वर्षाच्या खर्चातला मोठा तुकडा त्यांचाच असतो.

सरकारी योजना: दीनदयाळ की टीजी प्लस

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ही गोवा सरकारची आरोग्य विमा योजना, २०१६ मध्ये सुरू झाली. पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्याला ती मिळते. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख. पण कार्ड कुटुंबाचं असतं, आणि कुटुंबाने तुम्हाला घराबाहेर काढलं असेल तर कार्ड तिकडेच राहतं. तुमचं नाव त्यावर अजून आहे का ते पाहा, आणि नसेल तर स्वतंत्र कार्डाची चौकशी करा. तिथेही ठरलेल्या प्रक्रिया आहेत, ॲडमिट होऊन करायच्या.

आयुष्मान भारत टीजी प्लस या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या विमा योजनेसाठी केंद्रात २४ ऑगस्ट २०२२ रोजी करार झाला. वर्षाला पाच लाखांचं संरक्षण, आणि त्यात शस्त्रक्रियेबरोबर हार्मोनचाही समावेश जाहीर झालेला आहे. राष्ट्रीय पोर्टलचं प्रमाणपत्र त्यासाठी लागतं. कार्ड एकट्याचं, कुटुंबाची सही नको. माझ्या मते हाच त्याचा मोठा फायदा. दुसऱ्या सरकारी योजनेतून तोच लाभ न घेणाऱ्यांसाठी ती आहे, म्हणून दीनदयाळचं कार्ड असेल तर दोन्हींचं एकत्र कसं बसतं ते १४५५५ वर विचारा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. आयुष्मान योजनेचं कार्ड देशभरातल्या संलग्न हॉस्पिटलांत चालतं, म्हणजे शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जायचं ठरलं तरी ते उपयोगी आहे. जाण्याआधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्य मित्राला, म्हणजे आयुष्मानच्या काउंटरवरच्या माणसाला, फोन करून विचारा: तुमच्याकडे हे पॅकेज प्रत्यक्ष चालू आहे का? यादीत नाव असणं आणि काउंटरवर काम होणं यांत दोन दिवसांच्या प्रवासाचा फरक पडतो. एक लक्षात ठेवा, आयुष्मानचा पायाही ॲडमिट होण्यावरच उभा आहे. महिन्याच्या गोळ्या त्यातून मिळतील असं गृहीत धरू नका.

क्लेम नाकारला तर

नकार लेखी आणि कलमाच्या क्रमांकासह मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. दोन आठवड्यांत उत्तर यायला हवं. त्याच वेळी विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. गोवा आता पुण्याच्या लोकपालाकडे येतो. वकील नको, फी नाही, अर्ज ऑनलाइन होतो, आणि कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्षाची मुदत असते. मी आधी म्हटलेल्या डेंग्यू-अपेंडिक्ससारख्या प्रकरणांत हा रस्ता खरोखर उपयोगी पडतो. सरळ हार्मोनच्या क्लेमवर मात्र पॉलिसीची भाषा आपल्या विरोधात आहे हे धरूनच जा.

आणि तोवर, खिशातून

डॉक्टरकडून चिठ्ठी जेनेरिक नावाने घ्या आणि आधी जनऔषधी केंद्रात विचारा, मग फार्मसीत दोन-तीन ब्रँडचे भाव काढा. टेस्टोस्टेरॉनचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन सुरुवातीच्या डोसांनंतर १० ते १४ आठवड्यांनी लागतं. एकरकमी महाग वाटतं, पण वारंवारच्या इंजेक्शनांचे फेरे आणि बसभाडं धरून हिशेब मांडा. पहिल्या वर्षी तपासणी साधारण दर तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून एक-दोनदा. पैसे कमी असतील तर कुठली तपासणी टाळता येणार नाही ते डॉक्टरला विचारा. टेस्टोस्टेरॉनवर हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) टाळू नये, कारण रक्त दाट होऊ शकतं. स्पायरोनोलॅक्टोनवर (ट्रान्स स्त्रियांना पुरुष-हार्मोन रोखायला देतात ती गोळी) पोटॅशियम टाळू नये.

बहिणींनो, तुम्हाला हात जोडून सांगतो: चिठ्ठीशिवाय मिळतात म्हणून गर्भनिरोधक गोळ्या मूठभर घेऊ नका. त्यांतल्या बहुतेकींत एथिनिल एस्ट्राडायोल हे कृत्रिम स्त्री-हार्मोन असतं. त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणूनच या उपचारासाठी ते वापरत नाहीत. तंबाखू-सिगारेट असेल तर धोका आणखी. डॉक्टर देतात ते साधं एस्ट्राडायोल, आणि जनऔषधीतून घेतलं तर ते परवडण्याची शक्यता जास्त.

भावांनो, टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे, पाळी थांबली असली तरी. जिममधल्या ओळखीतून आलेली कुपी घेऊ नका. ती कुठे भरली हे कुणालाच माहीत नसतं.

डोस संपत आला आणि हातात पैसे नाहीत असे आठवडे येतात. तेव्हा मनाने अर्धा डोस करण्याआधी ओपीडीत फोन करा किंवा जाऊन या. एकदा तपासलेल्या रुग्णाला डॉक्टर व्हिडिओवरूनही पुढची चिठ्ठी देऊ शकतात, २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत त्याला जागा आहे. आणि इंजेक्शनच्या तारखेच्या आठवडाभर आधी फार्मसीला फोन करा. लहान गावात माल मागवूनच येतो, आणि चतुर्थीच्या दिवसांत तोही उशिरा.